मुलाणीमामा आणि जास्तीची नळी

फोन आला तेव्हा मी कुरकुंभच्या आमच्या कारखान्यातल्या लॅबमध्ये होते. समोर सहा नमुने रांगेत उभे, हातात पिपेट, आणि प्रॉडक्शनचा माणूस दारात येरझाऱ्या घालत होता. सलमाचा आवाज मी लगेच ओळखला नाही. ‘‘ताई, शिरूरहून बोलतेय, मुलाणींची सलमा... अब्बा गेले सकाळी.’’ मी ‘कधी, कसं’ असं काहीतरी विचारलं असणार, कारण तिने सांगितलं की फजरच्या नमाजाला उठले, छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंतच संपलं. फोन ठेवला आणि सहाही नमुने मी तसेच झाकून ठेवले. मला एकच गोष्ट आठवत होती. या माणसाला मला एक वाक्य सांगायचं होतं. दहा वर्षं ते राहून गेलं होतं. तीन वर्षांपूर्वी तर त्यांच्यासमोर बसून, त्यांनी स्वतः विचारलेलं असताना मी ते सांगितलं नाही... आणि आता सांगायला समोर कुणी उरलं नव्हतं.

रशीद मुलाणी हे नाव वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. शिरूरच्या ज्या कॉलेजात मी बी.एस्सी. केलं, तिथल्या केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ते अटेंडंट होते. शिक्षण नववीपर्यंत. अंगात खाकी कोट, त्याच्या दोन्ही बाह्यांना ॲसिडने पडलेली भोकं, आणि खिशात कायम एक लाकडी चिमटा. त्यांची तीन पिढ्यांची माणसं शिरूरचीच. वडील बाजारपेठेत कापडाच्या दुकानात मापाला होते. मामांना मात्र कापडाचा कंटाळा आला आणि ते ‘‘वाईच काम हाय’’ म्हणून कॉलेजात काचसामान उतरवायला आले, ते तिथेच राहिले. हंगामी म्हणून राहिले. दरवर्षी जूनमध्ये त्यांना नवा कागद मिळायचा आणि दरवर्षी एप्रिलमध्ये तो संपायचा. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा या हंगामी नोकरीला नऊ वर्षं झाली होती. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं, प्राचार्यसुद्धा. फक्त पगारपत्रकावर ते कुणीच नव्हते.

आमच्या सरांबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. पण कीटोन म्हणजे काय हे मला सरांच्या फळ्यावरून कळलं नाही, ते मामांकडून कळलं. शेवटच्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये एका बाटलीत एक अनोळखी पदार्थ देतात आणि तो ओळखायचा असतो. आल्डेहाइड आणि कीटोन हे दोन सख्खे भाऊ, इथे सगळ्यांची गाडी अडते. डीएनपी नावाचं एक द्रावण टाकलं की दोघंही नारिंगी साका, म्हणजे तळाला बसणारा गाळ, देतात. मग फरक कसा करायचा? सर म्हणायचे पुस्तकात बघा. मामा नळी धुता धुता म्हणायचे, ‘‘आल्डेहाइड लई बोलघेवडा गडी. जो भेटंल त्याच्याशी बोलतो. चांदीचं पानी टाकलं की लगीच आरसा धरतो नळीला. आन् कीटोन घुम्या. डीएनपीसंगट तेवढा बोलणार, चांदीफुडं गप. त्यो गप बसला की समजायचं, ह्यो कीटोन.’’ आयोडोफॉर्म नावाच्या टेस्टचा पिवळा साका आला की ते दुरूनच सांगायचे. नाकाने. ‘‘दवाखान्याचा वास आला बग तिकडून, तिसऱ्या टेबलावरनं.’’ आणि वर एक इशारा असायचाच, की समद्याच कीटोनांना हा पिवळा येत न्हाई, न आला म्हणून घाबरायचं न्हाई. नायट्रोप्रुसाइड या आणखी एका टेस्टच्या लाल रंगावर मात्र त्यांचा विश्वास नव्हता. तो रंग ‘‘उगं लाजतो आन् जातो’’ असं त्यांचं मत होतं.

पण या सगळ्याच्या आधी त्यांचा एक नेम होता आणि तो मोडलेला त्यांना खपत नसे. कुठलीही टेस्ट करायच्या आधी रॅकमधली एक नळी रिकामी घ्यायची, म्हणजे तिच्यात पदार्थ टाकायचाच नाही. फक्त डीएनपी टाकायचं आणि बघायचं. काहीच यायला नको. आलं तर समजायचं की नळी घाण आहे किंवा द्रावण बिघडलंय, पदार्थाचा काही दोष नाही. पुस्तकात याला ब्लँक म्हणतात. पुस्तकात एका ओळीत ते संपतं आणि आमच्यापैकी कुणीही ते करत नसे, कारण अर्धं मिनिट जातं आणि एक नळी जास्त धुवावी लागते. मामा मागून यायचे, रॅक बघायचे आणि विचारायचे, ‘‘रिकाम्या नळीला इचारलं का आधी?’’ आम्ही ‘हो मामा’ म्हणून ठोकून द्यायचो. त्यांना ते कळायचं. नळ्या मोजायचे ते.

आता त्या एप्रिलबद्दल सांगते. सालाशी तुम्हाला कर्तव्य नाही, नव्वदच्या दशकाचा मधला काळ. आमच्या घरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली होती. फर्स्ट क्लास आला तर पुण्याला एम.एस्सी.ला जा, मी अडवणार नाही. नाही आला तर बारामतीच्या बाजूचं एक स्थळ आहे, दौंडचं एक आहे, ती बघू. आप्पा दुष्ट नव्हते, पण गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि शब्द दिला की दिला असा त्यांचा खाक्या होता. माझे थिअरीचे पेपर बेताचे गेले होते. सगळी भिस्त प्रॅक्टिकलवर. इकडे मामांचंही एक काम त्याच महिन्यात अडकलं होतं. नऊ वर्षांनी त्यांना कायम करायचा प्रस्ताव पहिल्यांदाच संस्थेच्या बैठकीपुढे जाणार होता. आमचे विभागप्रमुख त्यासाठी दोनदा पुण्याला जाऊन आले होते. मामा काही बोलत नसत, पण कोटाच्या भोकांना त्यांनी त्या महिन्यात ठिगळं लावून घेतली, हे आम्हा मुलींच्या नजरेतून सुटलं नाही.

परीक्षेच्या दिवशी आमची बारा जणांची दुसरी बॅच होती. सकाळच्या बॅचने सगळ्या नळ्या वापरून ठेवल्या होत्या. त्या दिवशी नळाला पाणी आलं नाही, पिंपातल्या पाण्यावर धुणं चाललं होतं. लाइट गेलेली, त्यामुळे नळ्या सुकवायची भट्टी बंद. अशा वेळी लॅबवाल्यांचा एक ठरलेला मार्ग असतो. धुतलेल्या नळीत थोडं ॲसिटोन फिरवायचं आणि ओतून टाकायचं. ॲसिटोन पाण्याला घेऊन उडून जातं, नळी झटकन कोरडी होते. मामांनी तेच केलं. एरवी त्यानंतर नळ्या अर्धा तास गच्चीवर उन्हात उलट्या ठेवायच्या, हा त्यांचा नेम. पण पुण्याहून आलेल्या परीक्षकांना चारची एसटी गाठायची होती. त्यांनी बॅच अर्धा तास आधीच आत घ्यायला लावली. नळ्या तशाच टेबलांवर आल्या. आणि ॲसिटोन हा स्वतःच एक कीटोन आहे... यातली गोम ज्याने कधी लॅबमध्ये हात घातलाय त्याला कळली असेल.

माझ्या बाटलीत खराच कीटोन होता. वासानेच मला शंका आली, गोडसर, जरासा कडवट. डीएनपीला दाट नारिंगी, चांदीचा आरसा नाही, आयोडोफॉर्म पिवळाधमक. मी धडाधड लिहीत गेले. बाहेर आले तेव्हा जीव भांड्यात पडला होता. जिन्यावर आमच्यातला दिलीप भेटला, म्हणाला, ‘‘मला कीटोन आला.’’ म्हटलं, मलाही. मागून शैला आली, तिलाही कीटोन. आम्ही मोजलं तर बारापैकी नऊ जणांना कीटोन आलेला. ‘‘परीक्षक लई मायाळू दिसतोय, एकच बाटली समद्यांना वाटली,’’ असं म्हणून दिलीप मोठ्यांदा हसला. मला मात्र जर्नल आत विसरल्याचं आठवलं आणि मी परत गेले.

दारातच थांबले, कारण आत मामा आणि विभागप्रमुख बोलत होते. मामांच्या हातात दिलीपच्या टेबलावरची नळी होती. त्याच्या बाटलीत मामांनी स्वतः टोल्युइन भरलं होतं, आणि टोल्युइन डीएनपीशी कधीच बोलत नाही. तरी नळीत नारिंगी साका. शेजारच्या रॅकमध्ये मामांनी एक न वापरलेली नळी घेऊन तिच्यात नुसतं डीएनपी टाकून बघितलं होतं. तीही नारिंगी.

‘‘सर, नळ्या वल्या व्हत्या,’’ मामा म्हणाले. ‘‘ॲसिटोन राह्यलंय आत. कीटोनच्या बाटल्या दोनच व्हत्या. सात पोरांनी चुकीचं लिव्हलंय, आन् चूक त्यांची न्हाई.’’

‘‘मुलाणी, हळू बोला,’’ सर म्हणाले. ‘‘पेपर बांधून झालेत. पुढच्या आठवड्यात तुमची फाइल आहे. हे जर पुण्याला कळलं तर माझ्याच्याने काही होणार नाही. सात जणांचे थोडे मार्क जातील, नापास कुणी होत नाही.’’

मामा ती नळी तशीच हातात धरून परीक्षकांच्या खोलीकडे चालत गेले. मी दाराआड उभी होते, माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

परीक्षकांची चारची एसटी गेली. चिडलेल्या माणसाने जे करायचं ते त्यांनी केलं. अख्ख्या बॅचची परीक्षा रद्द, उद्या सकाळी सगळ्यांनी पुन्हा यायचं. ज्यांचं बरोबर होतं त्यांनीही. भांडी शंकास्पद म्हटल्यावर कुणाचंच उत्तर धरता येत नाही, हे आज मला पटतं. त्या दिवशी माझ्या डोक्यात राख गेली. मी मामांना जिन्याखाली गाठलं. म्हटलं, ‘‘तुम्ही गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? माझं बरोबर होतं.’’

‘‘तुझं बरुबर व्हतं, म्हाईत हाय मला,’’ ते म्हणाले. ‘‘पर बाकीच्यांचं?’’

‘‘बाकीच्यांचं तुम्ही बघत बसा. माझ्याशी परत बोलू नका.’’ वडिलांच्या वयाच्या माणसाला मी हे बोलले. ते ‘‘बरं’’ एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या कोरड्या ठणठणीत होत्या. लाइट आल्यावर मामांनी त्या भट्टीत घालून तापवून काढल्या होत्या. परीक्षा सुरू व्हायच्या आधी ते एक ट्रे घेऊन फिरले आणि बाराही जणांच्या रॅकमध्ये एकेक जास्तीची नळी ठेवत गेले. तोंडाने काही बोलायची परवानगी नव्हतीच. माझ्या टेबलाशी आले, नळी ठेवली. मी ती उचलली आणि त्यांच्या ट्रेमध्ये परत ठेवली. त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

आता पुढचं लिहिताना हात अडखळतोय, पण त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. त्या दिवशी माझ्या बाटलीत पांढरे खडे होते. डीएनपी टाकलं आणि नळी भरून नारिंगी साका आला. आणि मी त्या रंगाकडे बघून मनात म्हटलं, आलं, कालचंच ॲसिटोन पुन्हा आलं, या माणसाने आजही नळ्या ओल्याच ठेवल्यात. आयोडोफॉर्म केली, पिवळं काही आलं नाही. तिथे तरी डोकं चालायला हवं होतं, कारण नळीत ॲसिटोन असतं तर आयोडोफॉर्मही पिवळी आली असती. पण रागात असलेल्या माणसाला आपल्या रागाला सोयीचं तेवढंच दिसतं. शंका होती तर एक रिकामी नळी घेऊन अर्ध्या मिनिटात निकाल लागला असता, आणि ती नळी मी नुकतीच परत केली होती. नारिंगी रंग खोटा धरून मी हायड्रोकार्बन, म्हणजे कीटोन नाहीच, असं लिहिलं. जूनमध्ये निकाल लागला, फर्स्ट क्लास पाच मार्कांनी हुकला. विभागप्रमुखांना विचारायला गेले तर त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. माझ्या बाटलीत बेन्झोफिनोन होतं. पक्का कीटोन, आयोडोफॉर्म न देणारा. ज्याच्याबद्दल मामांनी शंभरदा सांगितलं होतं तोच.

हे मी कुणालाही सांगितलं नाही. आप्पांना सांगितलं की लॅबवाल्याच्या चुकीमुळे परीक्षा दोनदा झाली आणि माझे मार्क गेले. आईला तेच, मावशीला तेच, पुढे नवऱ्यालाही तेच. दौंडचं स्थळ आलं, माणसं चांगली निघाली, नवरा रेल्वेत. दोन वर्षांनी त्यांनीच आग्रह धरून मला कुरकुंभला ट्रेनी केमिस्ट म्हणून लावलं. तिथेही डबा खाताना कुणी विचारलं की मॅडम तुम्ही एम.एस्सी. का नाही केलं, की माझी कॅसेट सुरू. ‘‘आमच्या लॅबमध्ये एक मामा होते...’’ इतकी वर्षं खापर फोडत राहिले की मलाच ते खरं वाटायला लागलं. आणि मामांचं काय झालं? त्यांची फाइल बैठकीतून परत आली. वर एक मेमो मिळाला. कायम व्हायला पुढे पाच वर्षं गेली. हे मला माहेरी गेल्यावर कळलं तेव्हा वाईट वाटलं नाही. बरं झालं असंच वाटलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच वाटलं होतं.

राग उतरला तो कुरकुंभला, एका दुपारी. आमच्या एका मालात कीटोनचा अंशसुद्धा चालत नाही. मी नमुना तपासला, नारिंगी छटा दिसली, बॅच नापास म्हणून सही ठोकली. प्लांटमध्ये बोंबाबोंब झाली. ‘‘मॅडम, गाडी खडी है गेट पे, एक बार और देख लीजिए,’’ म्हणून ऑपरेटर दोनदा येऊन गेला. मी त्याला झटकून टाकलं. मग सहज नमुन्याच्या बाटल्या ठेवायच्या फळीकडे नजर गेली आणि आठवलं. सकाळी घाईत ती बाटली मी स्वतः ॲसिटोनने खंगाळली होती, मामांकडून शिकलेल्या सवयीने. उन्हात ठेवली नव्हती. तशाच खंगाळलेल्या दुसऱ्या रिकाम्या बाटलीत मी डीएनपी टाकलं. नारिंगी.

कुणाला काही कळलं नसतं. माल परत प्लांटमध्ये फिरवला असता, दोन शिफ्टचं काम वाढलं असतं, एवढंच. मॅनेजरच्या केबिनचं दार वीस पावलांवर होतं आणि ती वीस पावलं मला टाकता येईनात. मी फळीला टेकून उभी राहिले आणि तेव्हा पहिल्यांदा मला मामा दिसले, हातात नळी धरून चालत जाणारे. माझ्यामागे कायम नोकरी होती, घरी रेल्वेचा पगार होता, वर मॅनेजर बरा माणूस होता. त्यांच्यामागे काय होतं? नऊ वर्षांचा एकेक सालाचा कागद. मी केबिनमध्ये गेले, सांगितलं, मेमो घेतला. बाहेर येऊन तोंड धुतलं आणि ठरवलं की या रविवारी शिरूर.

मामांचं घर बाजारतळाच्या मागे. सात वर्षांनी गेले होते, तरी दारात बघताच म्हणाले, ‘‘आली का? बस की. सलमा, पानी आन.’’ जणू मी परवाच येऊन गेले होते. केस पांढरे झालेले, बोटांवरचे ॲसिडचे डाग तसेच. मी त्यांना बाटलीची गोष्ट सांगितली. ते मनापासून हसले. ‘‘उनात न्हाई ठिवली! कायम ध्यानात ठिव, ॲसिटोन उडतं पर लगीच न्हाई उडत.’’ मग म्हणाले, ‘‘लोकं म्हनत्यात, मुलाणी लई खरा मानूस. तसलं काय न्हाई. नळ्या वल्या व्हत्या हे मला आधीच ठावं व्हतं. परीक्षक म्हनला, पोरं आत घ्या, तवा मी म्हनायला पायजे व्हतं, सायेब, अर्धा घंटा थांबा. न्हाई म्हनलो. फाइल व्हती ना... तवा तोंड उघडलं असतं तर तुझी परीक्षा दोनदा झालीच नसती. ही माझी चूक हाय, पोरी. तुझ्यापशी बोलायची राह्यली व्हती.’’

मी माफी मागायला गेले होते आणि माफी ते मागत होते. हीच वेळ होती. आणि त्यांनी ती वेळ माझ्या हातातच दिली. कपात बघत, अगदी सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, ‘‘दुसऱ्या दिशी काय आलतं गं तुला?’’

वाक्य ओठांवर आलं होतं. पण सात वर्षं मी सगळ्यांना जे सांगत आले होते ते सगळं त्या एका वाक्याने खोटं ठरणार होतं. मी म्हटलं, ‘‘आता कुठं आठवतंय, मामा!’’

‘‘व्हय,’’ ते म्हणाले, ‘‘लई वरसं झाली.’’ आणि त्यांनी सलमाच्या डी.एड.च्या नंबराबद्दल सांगायला सुरुवात केली. त्यानंतर तीन वर्षांत मी चार-पाच वेळा गेले असेन. प्रत्येक वेळी ठरवून गेले आणि प्रत्येक वेळी चहा पिऊन परत आले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही...

मामा गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवशी मी शिरूरला गेले. घरात माणसांची ये-जा होती, दुपारनंतर ती कमी झाली. सलमा आता शिक्षिका आहे, डोक्यावरून पदर घेऊन ती माझ्याजवळ येऊन बसली. आम्ही मामांबद्दल काहीबाही बोलत होतो. ती म्हणाली, शेवटपर्यंत घरचे पेलेसुद्धा उजेडाकडे धरून बघायचे, धुतलेत का नीट. मी हसले, आणि हसता हसता काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, ‘‘सलमा, मला दुसऱ्या दिवशी कीटोन आला होता. नळी भरून आला होता. मामांच्या नळ्या कोरड्या होत्या. मीच ओळखला नाही. माझे मार्क माझ्या चुकीने गेले, आणि मी इतकी वर्षं तुझ्या अब्बांचं नाव घेत राहिले.’’

सलमा दचकली नाही. तिने माझा हात हातात घेतला. ‘‘अब्बांना माहीत होतं, ताई,’’ ती म्हणाली. ‘‘त्याच दिवशी माहीत होतं. तुमच्या नळ्या त्यांनीच धुतल्या ना. घरी येऊन अम्मीला म्हणाले, पोरीला आलं होतं, पण तिच्या रॅकात रिकामी नळी नव्हती, तिने काय लिहिलं असेल ते तोंडावरून कळलं.’’

‘‘मग कधी बोलले का नाहीत मला?’’

‘‘मीही तेच विचारायचे. तुम्ही त्यांचं नाव सांगत फिरता हे आमच्या कानावर यायचंच की. मला राग यायचा तुमचा, खोटं नाही सांगत. अब्बा म्हणायचे, फर्स्ट क्लास गेलाय तिचा, कुणावर तरी रागवायला पायजे तिला. माझ्यावर रागावली तर माझं काय झिजतंय?’’ ती पुढे म्हणाली, ‘‘मागच्या वर्षी तुम्ही येऊन गेलात ना, त्या दिवशी मला म्हणाले, मी नसलो आणि ती आली तर चहा पाजून पाठव. ती काही बोलली नाही तर तूही बोलायचं नाही. पण तिने आपल्या तोंडानं सांगितलं, तर एवढं सांग...’’ आणि सलमा थेट अब्बांच्या सुरात बोलली, ‘‘त्या दिशी अख्ख्या बॅचमधी तुझ्या नळीचा रंग एक नंबर आलता, पोरी.’’

मला रडू आवरेना. सलमाने मला रडू दिलं, आत जाऊन चहा ठेवून आली आणि पुन्हा शेजारी येऊन बसली. मग तिने विचारलं, कसा होता ताई तो रंग? इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि तिला सांगत बसले. दाट होता. आधी नळीभर ढगासारखा उठला, मग सावकाश खाली बसत गेला, तसतसा वरचा भाग नितळ होत गेला आणि तळाशी शेंदरी, अगदी शुद्ध शेंदरी...